पहाट की अकरा? सी हॉकच्या आठवणी नोंदवताना

गेल्या वर्षी आपल्या मंडळाने ज्येष्ठांच्या कामाच्या आठवणी नोंदवण्याचा उपक्रम केला होता. दोघा-तिघांनी मिळून वाड्यावरच्या कुणा वडीलधाऱ्यांकडे जायचं, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि नंतर ते कागदावर उतरवायचं. कुणी पोदेराकडे गेलं, कुणी मासळी विकणाऱ्या मावशींकडे. एक गट वास्कोत राहणाऱ्या एका निवृत्त नौसैनिकाकडे गेला. हा लेख त्या एका मुलाखतीबद्दल आहे आणि तिच्या संपादनात मी स्वतः केलेल्या चुकीबद्दल. यंदा पुन्हा हाच उपक्रम आहे, म्हणून ती चूक सगळ्यांसमोर मांडलेली बरी.

या काकांचं नाव इथे देत नाही, त्यांचीच तशी इच्छा आहे. मूळचे मालवणकडचे. नौदलात एअर मेकॅनिक होते, म्हणजे विमान उडवणारे नव्हेत, ते उडण्याजोगं ठेवणारे. निवृत्तीनंतर इथेच राहिले, वयाची पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्यानेही बेताचंच. जेट इंजिनाच्या आवाजात वर्षानुवर्षं डेकवर उभं राहण्याची ती किंमत. त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलांचे निम्मे प्रश्न वाया गेले. मग एकीने वहीवर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून त्यांच्यासमोर धरायला सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली.

आधी विमानाबद्दल थोडं. दाबोळीच्या धावपट्टीवरून आज आपण आकाशात पाहतो ती नौदलाची विमानं वेगळी. काकांच्या तरुणपणी तिथे होतं ते सी हॉक. हॉकर कंपनीने आराखडा केलेलं, एकाच वैमानिकाचं, एकाच इंजिनाचं ब्रिटिश विमान. त्याच्या मूळ नमुन्याचं पहिलं उड्डाण १९४७ साली झालं. रोल्स-रॉइसचं नीन इंजिन पोटात मधोमध आणि त्याचा धूर शेपटीतून न जाता दोन्ही पंखांच्या मुळाशी असलेल्या दोन तोंडांतून बाहेर पडायचा. त्यामुळे मागच्या भागात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बॉम्ब किंवा रॉकेट. रडार नव्हतं. पंख मधून वर दुमडता यायचे, कारण जहाजाच्या पोटातल्या हँगरमध्ये जागा तोकडी.

भारतीय नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन या विमानांवर १९६० साली ब्रिटनमध्ये उभी राहिली. पुढच्या वर्षी ४ मार्चला बेलफास्टला विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली आणि त्याच मे महिन्यात लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. नौदलाच्या विमानांचा तळ, आयएनएस हंसा, १९६४ मध्ये कोइमतूरजवळच्या सुलूरहून आपल्या दाबोळीला आला. म्हणजे सी हॉक गोव्याला नवखं नाही. वीसेक वर्षं ते इथेच राहत होतं म्हणा ना! डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर विमानं दाबोळीला उतरली आणि जुन्या पाखराने जागा सोडली. त्या सी हॅरियरनाही ११ मे २०१६ रोजी इथेच निरोप दिला गेला.

आता मुलाखतीकडे येतो. मुलांना अर्थातच १९७१ हवं होतं. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एक चिरा पडल्याने निकामी झाला होता, त्यामुळे तिचा वेग कमी झाला होता. विमानवाहू नौकेच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. डेकवरून विमान उडवताना नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावते. समोरून येणारा वारा आणि नौकेचा स्वतःचा वेग यांची बेरीज विमानाच्या पंखांना मिळते, बाकीचा जोर वाफेवर चालणारा कॅटापल्ट देतो. नौका हळू चालली की ती बेरीज घटते. १९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि त्यावरून नौदलाला बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हा या वेळी तिला घरी ठेवायची नाही, असं नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ठरवलं. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली ती बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून आठ सी हॉक उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. त्याच दिवशी नंतर चितगावच्या बंदरावर. पुढे खुलना आणि मोंगला. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं, कॅप्टन स्वराज प्रकाश यांनाही. शत्रूच्या माऱ्यात त्या मोहिमेत सी हॉक एकही गमावलं नाही.

हे सगळं छापील पुस्तकांत आहे. व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांच्या 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ' या नौदलाच्या इतिहासात तर त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या आठवणीही दिल्या आहेत. काकांसारख्या माणसांची मात्र क्वचितच कुणी विचारपूस केली. आणि वैमानिकाची आठवण व मेकॅनिकची आठवण या दोन वेगळ्या जाती आहेत. वैमानिकाला लक्ष्य दिसतं. धावपट्टी, धक्क्याला लागलेली जहाजं, खालून येणारा विमानवेधी मारा हे सगळं त्याने पाहिलेलं असतं. काकांनी कॉक्स बाजार आजतागायत पाहिलेलं नाही. त्यांचं युद्ध दोनशेदहा-पंधरा मीटर लांबीच्या डेकवर झालं आणि त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे मोजणं.

"आठ गेली. मग आम्ही आभाळाकडे बघत. कोण बोलत नाही. एक दिसलं, दोन दिसली. आठ मोजून झाली तेव्हा माझ्या बाजूचा पोरगा खाली बसला. थकला नव्हता. नुसता बसला."

रेकॉर्डिंगमध्ये हे वाक्य असंच आहे. पहिल्या मसुद्यात ते कसं झालं होतं ठाऊक आहे? 'आमची सर्व शूर विमाने विजयी होऊन सुखरूप परतली तेव्हा नौकेवर आनंदाला पारावार उरला नाही.' बसलेला पोरगा गायब! लिहिणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. शाळेपासून आपण निबंध असेच लिहीत आलो आहोत. युद्ध म्हटलं की शूर, विजय म्हटलं की पारावार. पण काकांनी आनंद हा शब्द वापरलाच नव्हता.

तो भाग मी मूळपदावर आणला. मात्र त्याच मसुद्यात मी स्वतः एक 'दुरुस्ती' केली. काका म्हणाले होते, "पहाटेची गोष्ट. काळोखातच सगळं सुरू झालं." मी पुस्तकं उघडली. पहिला हल्ला सकाळी उशिरा, अकराच्या सुमाराचा. म्हाताऱ्या माणसाची आठवण, थोडं इकडचं तिकडे होणारच, असं म्हणून मी 'पहाटे' खोडलं आणि 'सकाळी अकराच्या सुमारास' लिहिलं. 'काळोखातच' हा शब्दही मग आपोआप गेला. मला वाटलं, आपण चोख काम केलं.

छापण्याआधी बोलणाऱ्याला मजकूर दाखवायचा हा आपला नियम आहे, म्हणून बरं. मी आणि ती वहीवाली मुलगी असे दोघं त्यांच्याकडे गेलो. काकांनी चष्मा लावून, बोट ठेवून सगळं वाचलं. मग मान वर न करता म्हणाले, "सर, माझी पहाट खंय गेली?"

मी समजावू लागलो. पुस्तकात वेळ दिलेली आहे, अधिकृत नोंद आहे वगैरे. त्यांना अर्धं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी वहीत लिहिलं: 'हल्ला अकरा वाजता झाला.' त्यांनी ते वाचलं आणि हसले. रागाने नव्हे, पण ते हसणं मला अजून टोचतं.

"हल्लो झालो अकराक. मी कुठे नाय म्हणतो? पण विमान काय अकराला झोपेतून उठून जातं? रात्री आम्ही खाली हँगरात. पंख दुमडलेले, दोन विमानांमधून आडवं होऊन जावं लागायचं. टायर बघ, तेल बघ, हायड्रॉलिक बघ, खाली उतरताना तार पकडायचा तो हुक बघ. एकेक करून लिफ्टने वर. वर गेलो तेव्हा काळोख होता आणि समुद्र दिसत नव्हता, नुसता वास. माझा हात थरथरत होता, म्हणून मी एक पॅनेल दोनदा उघडून दोनदा लावलं. ती पहाट तुम्ही खोडलात."

म्हणजे काकांची वेळ चुकलेली नव्हती. मी त्यांच्या तोंडी वैमानिकाची वेळ घातली होती. पुस्तकातले अकरा आणि काकांची पहाट या एकाच दिवसातल्या दोन खऱ्या वेळा आहेत, त्यांच्यामध्ये पाच-सहा तासांचं काम आहे, आणि नेमकं तेच काम मी खोडून टाकलं होतं. नोंद आणि आठवण जुळत नाहीत असं दिसलं की आपण लगेच न्यायाधीश होतो. मी खोडायच्या आधी फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता: 'काका, पहाटे तुम्ही काय करत होता?' तेवढं विचारलं असतं तर त्या दोनदा लावलेल्या पॅनेलची गोष्ट पहिल्याच मसुद्यात आली असती.

आता तुम्ही म्हणाल, मग काय म्हातारी माणसं सांगतील ते सगळंच खरं धरायचं? तसंही नाही, आणि याच मुलाखतीत त्याचं उलट उदाहरण आहे. विक्रांतला गाठायला आलेली पाकिस्तानची पाणबुडी गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. काकांनी ती गोष्ट फार रंगवून सांगितली. आपल्या पाणबुडीने तिचा पाठलाग कसा केला, खोल पाण्यात दोघी समोरासमोर कशा आल्या, टॉर्पेडो कसा सुटला. मुलं भान हरपून ऐकत होती. पण त्या वेळी विक्रांत होती अंदमानकडे, शेकडो मैलांवर. शिवाय गाझीचा शेवट कशाने झाला याबद्दल दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. भारतीय नौदल त्याचं श्रेय आयएनएस राजपूत या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जना देतं, पाकिस्तानी बाजू आतल्या आत झालेल्या स्फोटाकडे बोट दाखवते. भारतीय पाणबुडीने तिला बुडवलं ही गोष्ट २०१७ च्या 'द गाझी अटॅक' या चित्रपटातली. काकांनी तो टीव्हीवर पाहिला होता आणि तो हळूच त्यांच्या आठवणीत येऊन बसला होता. खोटं बोलत नव्हते ते. आपल्यापैकी किती जणांना आपल्या लहानपणाच्या आठवणी आणि आईने सांगितलेल्या गोष्टी वेगळ्या काढता येतील?

या दोन आठवणी शेजारी ठेवून रेकॉर्डिंग पुन्हा ऐका (मंडळाच्या संग्रहात आहे). गाझीच्या गोष्टीत काकांचा आवाज चढतो, वाक्यं लांब होतात, आणि ते स्वतः त्यात कुठेच नाहीत. हात नाही, वास नाही, शेजारचा पोरगा नाही. सगळं दुरून, कॅमेऱ्यातून पाहिल्यासारखं. पहाटेच्या गोष्टीत वाक्यं तुटक आहेत, मध्ये थांबणं आहे, आणि प्रत्येक वाक्यात त्यांचं शरीर कुठे होतं ते कळतं. ही काही पक्की कसोटी नव्हे. कुणी कल्पनेतही बारीकसारीक तपशील भरू शकतो. पण ऐकताना कान तिकडे असू द्यावा. माझं मत विचाराल तर गाझीचा भागही आपण छापायला हवा, मात्र त्यावर संपादकाची टीप देऊन. चित्रपट माणसाच्या आठवणीत कसा शिरतो हे कळणं हाही अभ्यासच आहे. काकांना मी हे वहीत लिहून दाखवलं. थोडे ओशाळले, मग म्हणाले, "लिहा टीप. पण सिनेमा चांगला होता."

भाषेबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण आपण साहित्य मंडळ आहोत आणि आपल्याला मराठीची काळजी वाहण्याची सवय आहे. एका विद्यार्थ्याने मोठ्या कष्टाने सगळे नौदली शब्द मराठीत आणले होते. डेकचं 'नौकापृष्ठ', अरेस्टर वायरची 'रोधक तार', कॅटापल्टचं 'प्रक्षेपक यंत्र'. काकांनी वाचताना 'नौकापृष्ठ'वर बोट थांबवून विचारलं, "ही कुठची जागा?" ज्या डेकवर त्यांचं तारुण्य गेलं ती त्यांना ओळखताच येईना. काकांचं मराठी मालवणी, नौदली इंग्रजी आणि बराकीतली हिंदी यांच्या मिश्रणाने बनलेलं आहे. 'हुक पकडला', 'लिफ्ट मारली', 'विमान सर्विसेबल केलं'. हे मराठीच आहे. हजारो मराठी माणसांनी नोकरीच्या जागी घडवलेलं. ते धुऊन काढलं तर खाली उरतो तो आपला निबंध.

सगळ्यात अवघड जागा मी मुद्दाम मागे ठेवली होती. एका मुलीने वहीत लिहून विचारलं, 'बॉम्ब पडले तिथे खाली कोण होतं?' सी हॉक हे हल्ल्याचं विमान. त्याच्याबद्दल बोलताना हा प्रश्न टाळता येत नाही. पहिल्या मसुद्यात तो गाळला होता, 'काकांना वाईट वाटेल म्हणून'. रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नानंतर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आहे. मग काका म्हणतात, "मला माहीत नाही, बाय. विमान हलकं होऊन यायचं. काय कुठे पडलं ते मला कोणी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही." पुन्हा शांतता. मग आतून काकी चहा घेऊन येतात आणि विषय बदलतो.

असाच आणखी एक थांबा आहे. बरोबरच्या कुणाबद्दल, युद्धात नव्हे, नंतरच्या सरावात घडलेल्या काही गोष्टीबद्दल ते बोलायला लागले आणि अर्ध्या वाक्यावर थांबून "ते नको" म्हणाले. विमानवाहू नौकेवर शांततेच्या काळातही माणसं जायची. रोजचं उडणं-उतरणं हेच धोक्याचं काम होतं. मुलांनी पुढे विचारलं नाही, हे योग्यच केलं. मात्र लिहिताना ती जागा कोरी सोडून पुढचं वाक्य जोडून टाकलं होतं, जणू मध्ये काही घडलंच नाही. यंदा लिहिताना कंसात 'थांबतात', 'इथे बोलणे सोडून दिले' एवढं तरी लिहा. 'ते नको' हे दोन शब्दही त्यांचेच आहेत, ते कागदावर यायलाच हवेत.

जानेवारीत आम्ही काकांना घेऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेलो. उघड्यावर उभ्या विमानांमध्ये सी हॉक आहे. मुलं फोटो काढायला पुढे झाली. काका समोरून गेलेच नाहीत. ते बाजूने गेले आणि पंखाच्या मुळाशी जिथून धूर निघायचा त्या तोंडापासून हातभर लांब उभे राहिले. "अजून जवळ जाववत नाही," म्हणाले. विमानात इंजिन चालू होऊन चाळीस वर्षं तरी झाली असतील. त्यांच्या पायांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

वहीवाली मुलगी बरोबर होतीच. तिने तिथेच, विमानाच्या सावलीत उभं राहून, राहून गेलेला एक प्रश्न लिहिला: 'आठही परत आली. मग पुढे काय केलंत?'

काकांनी वाचलं आणि तिच्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं.

"पुढे काय? तेल भरलं, बॉम्ब लावले. दुपारी चितगाव होतं ना."